दीर्घिकांचे वय सांगणारे रंग

१९४३ साली युद्धामुळे लॉस एंजेलिसचे दिवे मंदावले होते. खगोलशास्त्रज्ञ वॉल्टर बाडे जर्मन नागरिक, त्यामुळे त्यांना युद्धाच्या कामात घेतलेले नव्हते. शहराजवळच्या माउंट विल्सनवरची १०० इंची दुर्बीण आणि दुर्मीळ अंधार असा दुहेरी लाभ त्यांना मिळाला. तांबड्या प्रकाशाला संवेदनशील असलेल्या छायाचित्रणाच्या काचांवर त्यांनी देवयानी दीर्घिकेच्या गाभ्यातले तारे सुटे सुटे टिपले. पुढच्याच वर्षी त्यांनी ताऱ्यांची दोन कुळे मांडली: सर्पिल भुजांतले तेजस्वी निळे तारे एका कुळातले, गाभ्यातले तांबूस दुसऱ्या.

दूरच्या दीर्घिकांत मात्र तारे सुटे दिसतच नाहीत. हाती येतो तो अब्जावधी ताऱ्यांचा एकवटलेला उजेड.

त्या उजेडाला काळाचे गणित जोडले बिआट्रिस टिन्स्ली यांनी. न्यूझीलंडमध्ये वाढलेल्या टिन्स्ली डॅलसला राहत आणि तीनेकशे किलोमीटरवरच्या ऑस्टिनला जाऊन संशोधन करत. तिथेच १९६६ साली त्यांचा प्रबंध पूर्ण झाला. त्यांची रीत एखाद्या गावाच्या जन्ममृत्यूच्या नोंदवहीसारखी होती. सुरुवातीला नुसता वायू. त्यातून जड तारे किती जन्मतील आणि हलके किती, हे आधी धरायचे. जड निळे तारे काही दशलक्ष वर्षांत संपतात, सूर्यासारखे सुमारे १० अब्ज वर्षे टिकतात. मरणारे तारे काही वायू परत देतात, त्यातून नवे जन्मतात. संगणकावर टप्प्याटप्प्याने काळ पुढे सरकवत प्रत्येक टप्प्यावर सगळ्यांच्या प्रकाशाची बेरीज करायची. नवे तारे जन्मणे थांबले की दीर्घिका मंद आणि तांबूस होत जाते.

हे निष्कर्ष अनेकांना अडचणीचे होते. खगोलशास्त्रज्ञ अ‍ॅलन सँडेज मोठ्या लंबवर्तुळी दीर्घिकांच्या तेजावरून विश्वाचे प्रसरण किती मंदावते आहे ते मोजत होते, आणि त्यासाठी ते तेज फारसे बदलत नाही असे धरलेले होते. टिन्स्ली यांच्या हिशेबात त्याच दीर्घिका पूर्वी अधिक उजळ होत्या. मग मोजमापाचा पायाच हलतो. पुरावा आपल्या बाजूने असताना प्रस्थापितांपुढे न नमणाऱ्या या संशोधक १९७८ साली येल विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. १९८१ साली, अवघ्या चाळिसाव्या वर्षी, कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

पुढे गुस्ताव्हो ब्रुझुअल आणि स्टेफान शार्लो यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेली याच रीतीची प्रारूपे जगभर वापरात आली. स्लोन या आकाश-सर्वेक्षणाने आकाश पाच फिल्टरांतून टिपले. चिलीतली रुबिन वेधशाळा सहा वापरते. बहुतेक दीर्घिकांचे अंतर आणि वय या मोजक्या फिल्टरांतल्या तेजाच्या आकड्यांवरूनच काढावे लागते. पण जड मूलद्रव्ये वाढली तरी रंग तांबूस होतो, आणि मधल्या धुळीनेही. म्हातारपण कोणते आणि धूळ कोणती, हे वेगळे करण्याचे काम अजून चालूच आहे.