डार्विनची खिशातली वही

गेल्या रविवारी कपाट आवरताना माझी एक जुनी खिशातली वही सापडली. आत लिहिलंय : ‘निळा पक्षी, शेपटी लांब, दोन दिसले.’ झालं! तारीख नाही, जागा नाही. कुठे दिसले, कधी दिसले, देव जाणे. मग आठवलं, असला घोळ साक्षात डार्विननेही घातला होता.

‘बीगल’ जहाजाचा प्रवास १८३१ ते १८३६. किनाऱ्यावर उतरताना डार्विनच्या खिशात छोटी वही असे. अशा १५ वह्या त्याने भरल्या, बहुतेक मजकूर पेन्सिलीने, तुटक तुटक. सविस्तर रोजनिशी आणि नमुन्यांच्या याद्या मागाहून, सवडीने.

सप्टेंबर १८३५ मध्ये तो गॅलापागोसला पोचला. तिथला प्रभारी गव्हर्नर लॉसन म्हणाला, कासव बघून मी ते कुठल्या बेटावरचं ते सांगू शकतो. डार्विनने तेव्हा ते फारसं मनावर घेतलं नाही. मॉकिंगबर्ड मात्र बेटागणिक वेगळे दिसले, म्हणून त्यांच्यावर बेटांची नावं घातली. फिंच पक्ष्यांची बरीचशी सरमिसळ झाली.

जानेवारी १८३७ मध्ये लंडनला पक्षितज्ज्ञ जॉन गूल्डने ते फिंच तपासले. दिसायला इतके निराळे पक्षी एकाच गटातल्या वेगवेगळ्या जाती निघाल्या! आता प्रश्न आला, कुठला पक्षी कुठल्या बेटावरचा? डार्विनच्या नोंदीत उत्तर नव्हतं. शेवटी कप्तान फिट्झरॉय आणि जहाजावरच्या इतरांनी जमवलेल्या नमुन्यांवर भिस्त ठेवावी लागली. म्हणजे बघा, १८५९ च्या ‘ओरिजिन ऑफ स्पीशीज’मध्ये गॅलापागोसचे मॉकिंगबर्ड आहेत, पण आज ज्यांना आपण ‘डार्विनचे फिंच’ म्हणतो, ते नाहीत.

आणखी एक गंमत. गॅलापागोसची ती वही पुढे डार्विनच्या घरातून, डाऊन हाऊसमधून, चोरीला गेली. १९६९ साली तिची मायक्रोफिल्म काढून ठेवली होती म्हणून मजकूर तरी वाचला. बॅकअपचं महत्त्व आमच्या धंद्यात वेगळं सांगायला नको!

असो. डार्विनला निदान फिट्झरॉय तरी होता. माझ्या निळ्या पक्ष्याचा पत्ता आता कोण सांगणार? काल नवी वही आणली. पानापानावर रकाने आखलेत : तारीख, वेळ, जागा. पक्ष्याचं नाव शेवटी. ते नाही आलं तरी चालेल, ते नंतर कुणाला तरी विचारता येतं.