घरावरचं सोलर सांभाळायचं कसं? पाणी कधी मारायचं, आकडा कुठं बघायचा, हात कुठं लावायचा नाही

छतावर सोलर बसलं, अनुदान खात्यात जमा झालं, पहिलं बिल एकदम कमी आलं, की बहुतेक घरांत पुढं कोणी पॅनलकडे ढुंकूनही बघत नाही. पॅनलला फिरणारा भाग नाही, आवाज नाही. त्यामुळं त्यात बिघाड झाला तरी घरात कळत नाही. दिवे, पंखे, फ्रिज चालूच राहतात, कारण कमी पडलेली वीज महावितरणच्या लाइनीतून येते. कळतं ते थेट वाढलेलं बिल हातात पडल्यावर.

फेब्रुवारी 2024 मध्ये पंतप्रधान सूर्यघर योजना सुरू झाली. त्यात 3 किलोवॅटपर्यंतच्या संचाला जास्तीत जास्त 78 हजार रुपये अनुदान आहे. उरलेले पैसे आपल्या खिशातले किंवा कर्जाचे असतात. ते वसूल व्हायचे तर पॅनलनं 20-25 वर्षं नीट काम करायला हवं. त्यासाठी लागणारी देखभाल फार अवघड नाही. ती कशी करायची ते पाहू.

आकडा लिहून ठेवा

सगळ्यात महत्त्वाचं काम हेच, आणि त्याला खर्च शून्य. इन्व्हर्टरच्या स्क्रीनवर किंवा मोबाइल ॲपवर 'आजची युनिट' आणि 'एकूण युनिट' असे दोन आकडे दिसतात. दर रविवारी एकूण युनिटचा आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहा. मागच्या रविवारचा आकडा त्यातून वजा केला की आठवड्याची वीज कळते.

ढोबळ हिशेब असा: स्वच्छ उन्हाच्या दिवशी 1 किलोवॅटला साधारण 4 युनिट. म्हणजे 3 किलोवॅटचा संच दिवसाला 12 युनिटच्या आसपास. पावसाळ्यात ढगाळ दिवशी हे निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मे महिन्यातही ऊन कडक असून युनिट थोडी कमी दिसतात. पॅनलला उजेड हवा असतो, उष्णता नको असते. पॅनल तापलं की वीज घटते.

मग बिघाड ओळखायचा कसा? गावात तेवढ्याच किलोवॅटचं सोलर कोणाकडे असेल तर दोघांचे आकडे ताडून बघा. दोघांचे उतरले असतील तर ढगांचा दोष. फक्त तुमचेच उतरले असतील तर छतावर चढायची वेळ झाली. रोजच्या 12 युनिटपैकी 20 टक्के गेली तर महिन्याला 72 युनिट होतात.

धुवायचं कसं?

धूळ किती बसते ते गाव कुठं आहे त्यावर ठरतं. कच्चा रस्ता, वीटभट्टी, साखर कारखान्याची काजळी, मळणीचा भुसा जवळ असेल तर आठवड्याला धुवा. एरवी पंधरा दिवसांनी चालतं. पावसाळ्यात पाऊसच बरंचसं काम करतो, पण खालच्या कडेला साचलेला चिखल मात्र पुसावा लागतो.

- सकाळी ऊन चढायच्या आधी किंवा संध्याकाळी ऊन उतरल्यावर धुवा. भर दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर काच तडकू शकते.
- साधं पाणी आणि लांब दांड्याचा मऊ ब्रश किंवा फडकं बांधलेला वायपर पुरे. भांडी घासायची तारेची घासणी, राख, कपड्यांची पावडर अजिबात नको.
- बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर पुसून कोरडं करा. नाहीतर पांढरे डाग बसतात आणि ते मग निघत नाहीत.
- पक्ष्यांची विष्ठा वाळली असेल तर आधी ओलं फडकं ठेवून भिजवा, मग पुसा. खरवडू नका. एवढासा डागही तिथली जागा तापवतो आणि पॅनल खराब करतो.
- पॅनलवर पाय देऊ नका. काच शाबूत दिसली तरी आतल्या पट्ट्या चिरतात.
- पत्र्याच्या किंवा कौलाच्या उतरत्या छपरावर एकट्यानं चढू नका. खालून पाइपनं पाणी मारता आलं तर तेच करा.

सावली छोटी, नुकसान मोठं

संच बसला तेव्हा लहान असलेली कडुलिंबाची किंवा शेवग्याची फांदी दोन वर्षांत पॅनलवर सावली धरते. नंतर बसवलेली पाण्याची टाकी, डिश, कपड्यांची दोरीही तेच करते. पॅनल एकामागे एक जोडलेले असतात, म्हणून एकावर पडलेल्या सावलीचा फटका बाकीच्यांनाही बसू शकतो. सकाळी 9, दुपारी 12 आणि 3 वाजता वर जाऊन एकदा बघा. फांदी छाटायची तर ती पॅनलवर पडणार नाही अशी बांधून छाटा.

वळवाच्या आधी आणि दिवाळीनंतर

एप्रिलमध्ये, वळीव सुरू व्हायच्या आत, तंत्रज्ञाला बोलावून सांगाड्याचे नटबोल्ट आणि अर्थिंग तपासून घ्या. वादळात पॅनल उडतात ते बहुतेक ढिल्या बोल्टमुळं. अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओता. दिवाळीनंतर पुन्हा एक फेरी: उंदरांनी वायर कुरतडलीय का, पॅनलखाली घरटं किंवा गांधीलमाशीचं पोळं आहे का, गंज धरलाय का, हे लांबूनच बघा.

इन्व्हर्टर सावलीत आणि मोकळ्या हवेत असावा. त्याच्यावर कपडे टाकू नका, भोवती पोती रचू नका. बॅटरीचा संच असेल आणि बॅटरी पाण्याची असेल तर दर महिन्याला पातळी बघा. कमी असेल तर फक्त डिस्टिल्ड वॉटर घाला.

लाइट गेली की सोलर बंद का पडतं?

हा बिघाड नाही. बॅटरी नसलेला इन्व्हर्टर लाइट गेली की मुद्दाम बंद होतो, नाहीतर तुमच्या छतावरची वीज लाइनीत जाऊन खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवावर बेतेल. लाइट आली की काही मिनिटांत तो आपोआप सुरू होतो. पण लाइट असताना दुपारी वारंवार बंद पडत असेल आणि स्क्रीनवर ग्रिडचा व्होल्टेज जास्त असल्याचं दिसत असेल, तर दोष लाइनीचा असू शकतो. स्क्रीनचा फोटो काढा आणि 1912 वर किंवा महावितरणच्या जवळच्या कार्यालयात तक्रार द्या.

इथं हात लावायचा नाही

घरातला मेन स्विच बंद केला तरी दिवसाउजेडी पॅनल वीज तयार करतच असतात. सहा पॅनल ओळीनं जोडले की त्या वायरमध्ये 250 ते 300 व्होल्ट असतात. ही डीसी वीज आहे. चालू भारावर जोड ओढला तर मोठी ठिणगी पडते आणि ती विझता विझत नाही. म्हणून पॅनलखालचे जोड, डीसी पेटी आणि इन्व्हर्टरचं झाकण घरच्यांनी किंवा गावातल्या नेहमीच्या वायरमननं उघडू नये. सांगाड्याला हात लागून झिणझिण्या आल्या, जळका वास आला, काच फुटली किंवा वायर उघडी दिसली, तर पाणी मारणं थांबवा, मुलांना लांब ठेवा आणि तंत्रज्ञाला बोलवा.

फुकटची दुरुस्ती विसरू नका

सूर्यघर योजनेतून संच बसवला असेल तर पहिली 5 वर्षं देखभालीची जबाबदारी बसवून देणाऱ्या कंपनीची आहे. बिल, वॉरंटी कार्ड, पॅनल आणि इन्व्हर्टरचे सिरियल नंबर यांचे फोटो आजच मोबाइलमध्ये काढून ठेवा. तक्रार फोनवर न करता व्हॉट्सॲपवर किंवा लेखी करा, म्हणजे तारीख राहते. सोबत कॅलेंडरवरच्या आकड्यांचा फोटो जोडा. 'वीज कमी येतेय' असं नुसतं सांगितलं तर टोलवाटोलवी होते. चार आठवड्यांचे आकडे दाखवले की कंपनीला येऊन बघावंच लागतं.