फोर्टपासून लालबागपर्यंत

इ. स. १९०४ च्या नोव्हेंबर महिन्यात बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या सभेत कॅप्टन ग्लेन लिस्टन या डॉक्टरांनी एक निबंध वाचला. विषय होता प्लेग, उंदीर आणि पिसवा. त्याआधी आठ वर्षे मुंबईत प्लेग ठाण मांडून बसला होता. हजारो माणसे मेली होती, लाखो शहर सोडून पळाली होती. परंतु रोग उंदराकडून माणसाकडे नेमका येतो कसा, याविषयी विद्वानांतही एकमत नव्हते. राणीच्या बागेत प्लेगने मेलेल्या गिनीपिगांच्या अंगावर उंदरांच्या पिसवा सापडल्याचे लिस्टन यांनी सांगितले. मुंबईतील एका मोठ्या चाळीची हकिगतही त्यांनी मांडली. तेथे आधी उंदीर मरू लागले, मग पिसवांचा उपद्रव वाढला आणि त्यानंतर माणसे आजारी पडली. रहिवाशांच्या अंगावरून गोळा केलेल्या पिसवांत माणसाच्या नेहमीच्या पिसवांबरोबर उंदरांच्या पिसवाही मोठ्या संख्येने निघाल्या. कराचीत १८९८ साली सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने मांडलेल्या तर्काला यातून बळकटी आली. पुढील थोड्याच वर्षांत प्लेग संशोधन आयोगाच्या प्रयोगांनी तो सिद्ध झाला.

मुंबईच्या विज्ञानप्रसाराच्या इतिहासातील हा एक थोर प्रसंग होय. तरी त्याच्या तळाशी एक सल आहे. ज्या चाळीतून हे ज्ञान गोळा झाले, त्या चाळीतील माणसाला ते त्या दिवशी कळले नाही. निबंध इंग्रजीत होता आणि सोसायटीचे बिऱ्हाड फोर्टात, अपोलो स्ट्रीटवर होते. तेथून लालबाग-परळ जेमतेम तीन-चार मैल; पण हे अंतर पायांनी तोडण्याचे नव्हते. ते भाषेचे होते, फुरसतीचे होते आणि विश्वासाचेही होते. गेल्या पावणेदोनशे वर्षांत हे अंतर कोणी आणि कसे तोडत आणले, याचा हा धावता आढावा.

सुरुवात बाळशास्त्री जांभेकरांपासून करणे न्याय्य ठरेल. १८३२ साली ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री कुलाब्याच्या वेधशाळेचेही काम पाहत. १८४० मध्ये त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक सुरू केले आणि शास्त्रीय विषय मराठी वाचकापुढे आणले. १८४६ मध्ये ते अकाली निवर्तले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १८४८ च्या जूनमध्ये, एल्फिन्स्टन संस्थेतील प्राध्यापक व विद्यार्थ्यांनी ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. दादाभाई नौरोजी, भाऊ दाजी लाड अशी तरुण मंडळी तिच्यात होती. सभेतील निबंध इंग्रजीत वाचले जात. पण लवकरच या तरुणांच्या ध्यानात आले की, आपण आपल्यापुरतेच शहाणे होत आहोत. म्हणून मराठी आणि गुजराती अशा ज्ञानप्रसारक शाखा निघाल्या. मराठी शाखेची धुरा व्याकरणकार दादोबा पांडुरंग यांच्याकडे आली. १८५० पासून ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक निघू लागले. १८४९ मध्ये याच मंडळींनी मुलींच्या शाळा काढल्या, आणि त्यांतील एकीसाठी जगन्नाथ शंकरशेट यांनी गिरगावातील आपल्या वाड्यात जागा दिली.

याच १८४८ सालच्या नाताळात लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे मुलांसमोर मेणबत्तीविषयी व्याख्याने देत होता, हा योग मोठा बोलका आहे. फॅरडे लोहाराचा मुलगा. पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत असताना, १८१२ साली त्याला हम्फ्री डेव्हीची व्याख्याने ऐकायला मिळाली आणि त्याचे आयुष्य पालटले. जाहीर व्याख्यानाचे सामर्थ्य ते हेच. विद्यालयाचे दार ज्याला बंद आहे, त्याच्यासाठी ते खिडकी उघडते. मात्र फॅरडेने ऐकलेली व्याख्याने त्याच्या मातृभाषेत होती, हे विसरून चालणार नाही.

यानंतरचा टप्पा भायखळ्याचा. राणीची बाग आणि तिच्या आवारातील, १८७२ मध्ये खुले झालेले व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम ही मुंबईकरांची पहिली मोठी शैक्षणिक सहल म्हणावी लागेल. या वास्तूच्या उभारणीसाठी झटलेल्या भाऊ दाजींचे नाव तिला १९७५ साली मिळाले. याच म्युझियममध्ये १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ गृहस्थ जमले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा जन्म झाला. आठांपैकी दोघे हिंदी होते: डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. आत्माराम हे दादोबांचे धाकटे बंधू. थोरल्या भावाने मराठी ज्ञानप्रसारक सभा चालवली, धाकट्याने निसर्गाभ्यासाच्या संस्थेचा पाया घातला. पण दुसऱ्या संस्थेची भाषा इंग्रजी राहिली.

मग १८९६ साल उजाडले. त्या वर्षी सप्टेंबरमध्ये मांडवी भागात प्लेगचे पहिले निदान केले ते डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी. आपल्या समाजातील या गोमंतकीय डॉक्टराचा पुतळा धोबीतलावला मेट्रो सिनेमासमोर आहे. पण त्याखालून जाताना किती जणांना ही गोष्ट आठवते? त्यापाठोपाठ सरकारी उपाय सुरू झाले: घरांची झडती, रोग्याला बळाने रुग्णालयात नेणे, सामानाची जाळपोळ. हे कशासाठी, ते लोकांना त्यांच्या भाषेत कोणी नीट समजावले नव्हते. ऑक्टोबर १८९६ मध्ये गिरणीकामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण ज्या रुग्णालयात गेलेला माणूस बहुधा परत येत नाही आणि का येत नाही ते कोणी सांगत नाही, त्याविषयी भीती वाटणे स्वाभाविकच नव्हे काय? जानेवारी १८९७ मध्ये हाफकिन यांनी आपली प्लेगप्रतिबंधक लस प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून घेतली. दोन वर्षांनी, १८९९ मध्ये, त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये आली. लस गिरणगावाच्या कुशीत तयार होऊ लागली, तरी तिच्याविषयीच्या अफवा शमायला वर्षे लागली. मुंबईच्या गावठाणांतून आणि वाड्यांतून आजही उभे असलेले कित्येक क्रूस त्याच काळात भाविकांनी उभारले आहेत. माणसाला संकटात श्रद्धेचा आधार लागतो, तसाच कारण कळण्याचाही लागतो. पहिला आपल्या पूर्वजांजवळ होता. दुसरा त्यांच्यापर्यंत फार उशिरा पोहोचला.

तो पोहोचवण्याचे काम गिरणगावात ज्यांनी केले, त्यांत ना. म. जोशी यांचे नाव अग्रभागी येते. १९११ साली त्यांनी सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली. रात्रशाळा, वाचनालये, दवाखाने यांबरोबर गरीब वस्तीतील लोकांसाठी सहली काढणे हेही लीगच्या कार्यात होते. दिवसभर साच्यावर राबणाऱ्या माणसाला दुपारच्या व्याख्यानाचा काय उपयोग? म्हणून शाळा रात्रीची. आरोग्याचे ज्ञान देण्यासाठी त्या काळी मॅजिक लँटर्नची चित्रे भिंतीवर दाखवली जात. निरक्षरालाही ती कळत. गिरगाव-दादरकडे गणेशोत्सवातील आणि वसंत व्याख्यानमालांतील व्याख्यानांनी हेच काम निराळ्या रीतीने केले. व्याख्यान ऐकणे हा मध्यमवर्गीय मराठी घरातील संध्याकाळचा रिवाज बनला आणि त्या व्यासपीठांवर इतिहास-साहित्याच्या जोडीने शास्त्रीय विषयही आले.

येथे धोबीतलावच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाचे ऋण सांगितले पाहिजे. १८६९ मध्ये येशूसंघीयांनी स्थापलेल्या या महाविद्यालयात स्वित्झर्लंडहून आलेले फादर एथेलबर्ट ब्लॅटर वनस्पतिशास्त्र शिकवीत. गिरगावच्या खेतवाडीत वाढलेला एक तरुण ब्रह्मदेशातून परतला तेव्हा व्यापारी शिक्षण घेत होता. त्याचा पक्ष्यांकडील ओढा ओळखून फादर ब्लॅटर यांनी त्याला झेवियर्समध्ये प्राणिशास्त्र शिकण्याचा आग्रह केला. तो तरुण म्हणजे सालीम अली. फादर ब्लॅटर १९३४ साली पाचगणीस निवर्तले. त्यांचे नाव लाभलेला वनस्पतिसंग्रह महाविद्यालयात आहे. त्यांची परंपरा स्पेनहून आलेल्या फादर सांतापाव यांनी चालवली. खंडाळ्याचे डोंगर वर्षानुवर्षे पालथे घालून त्यांनी तेथील वनस्पतींचा ग्रंथ १९५३ मध्ये सिद्ध केला. पुढे ते भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झाले. ‘झाड पाहायचे तर झाडाकडे गेले पाहिजे’ ही शिकवण अशा गुरूंनी पायांनी दिली. पण त्यांचे लेखन इंग्रजीत राहिले. १६१६ मध्ये ‘क्रिस्तपुराण’ मराठीत रचणाऱ्या फादर स्टीफन्स यांचे हे संघबंधू. परंतु विज्ञानाला मराठीत आणणारा स्टीफन्स झेवियर्सच्या प्रयोगशाळेतून उभा राहिला नाही. यात दोष कोणाचा नाही. विद्यापीठाची भाषाच ती होती.

ती उणीव भरून काढण्याचा संघटित यत्न २४ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत सुरू झाला. म. ना. गोगटे यांच्या पुढाकाराने त्या दिवशी मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. व्याख्याने, वार्षिक संमेलने, पत्रिका, स्पर्धा असा तिचा व्याप वाढत गेला. १९७४ साली तिच्या विज्ञानकथा स्पर्धेत ‘नारायण विनायक जगताप’ या अपरिचित लेखकाच्या ‘कृष्णविवर’ कथेला पहिले पारितोषिक मिळाले. हे जगताप म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील खगोलशास्त्रज्ञ जयंत विष्णु नारळीकर होते. जगन्मान्य शास्त्रज्ञाने टोपणनावाने मराठी स्पर्धेत उतरावे, ही त्या भाषेला दिलेली केवढी मानवंदना! २०२५ च्या मे महिन्यात ते निवर्तले, तोपर्यंत मराठी श्रोता त्यांना आपला मानत होता.

एक साम्य येथे नजरेआड करता येत नाही. १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद भरली आणि आपल्या वेदीवर लॅटिनच्या जागी मराठी आली. त्याच दशकात प्रयोगशाळेच्या दारातही मराठी उभी राहिली. या दोन घटनांचा परस्परसंबंध नाही. पण दोहोंच्या मुळाशी एकच जाणीव आहे. जे सर्वांसाठी आहे, ते सर्वांना कळेल अशा भाषेत सांगितले पाहिजे.

१९७४ साली टाटा संस्थेने होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले ते नाना चौकातील महापालिकेच्या शाळेत. गरीब घरातील मूल विज्ञानात मागे का पडते, याचा शोध घेताना त्या केंद्रातील अभ्यासकांना पाठ्यपुस्तकाची अवघड भाषा हा मोठा अडसर दिसला. म्हणजे १८४८ मधील तरुणांना जे उमगले होते, ते सव्वाशे वर्षांनी अभ्यासाने पुन्हा समोर आले. पुढे वरळीत १९७७ मध्ये नेहरू तारांगण आणि १९८५ मध्ये नेहरू विज्ञान केंद्र उघडले. परळ-लालबागच्या मुलांना विज्ञानाची सहल हाकेच्या अंतरावर आली.

तरीही १६ फेब्रुवारी १९८०च्या सूर्यग्रहणाला मुंबईचे रस्ते ओस पडले होते. सुशिक्षित घरांचीही दारे-खिडक्या बंद होत्या. इमारतींनी भय जात नाही, सोबतीने जाते. १९८५-८६ मध्ये हॅलेचा धूमकेतू आला तेव्हा तो पाहण्यासाठी एकत्र आलेल्या हौशी तरुणांतून खगोल मंडळ उभे राहिले. शीवच्या साधना विद्यालयात त्यांच्या बैठका होत आणि शहराच्या दिव्यांपासून दूर, कर्जतच्या वाटेवरील वांगणीला रात्रभर आकाशदर्शन चाले. आईबाप मुलांसह सतरंज्या घेऊन लोकलने जात, पहाटे पेंगुळलेल्या डोळ्यांनी परतत. २४ ऑक्टोबर १९९५ च्या खग्रास ग्रहणाला हजारो भारतीय घरात न लपता, ते दिसणाऱ्या पट्ट्याकडे प्रवास करून गेले. पंधरा वर्षांत घडलेला हा पालट व्याख्यानांनी, वृत्तपत्रांनी आणि अशा सहलींनी मिळून घडवला.

आज गिरण्यांची जागा काचेच्या मनोऱ्यांनी घेतली आहे आणि माहिती प्रत्येकाच्या खिशात आहे. पण कोविडच्या साथीत, २०२० आणि २०२१ मध्ये, लशीविषयीच्या अफवा आपल्याही घरांत शिरल्या तेव्हा १८९६ चे भय मेलेले नाही हे दिसून आले. माहिती होती, ती आपल्या भाषेत, आपल्या वेळेला, ओळखीच्या तोंडून सांगणारे माणूस पुष्कळदा नव्हते.

आपल्या धर्मग्रामांत सभागृहे आहेत, मैदाने आहेत, डॉक्टर, शिक्षक आणि निवृत्त शास्त्रज्ञही आहेत. मुले इंग्रजी शाळांत शिकतात, पण आजी मराठीतच प्रश्न विचारते. महिन्यातून एका रविवारी मिस्सानंतर तासभर त्या आजीच्या प्रश्नाचे उत्तर कोणी दिले आणि वर्षातून एकदा तिच्या नातवंडांना खंडाळ्याच्या रानात किंवा वांगणीच्या अंधारात कोणी नेले, तर अपोलो स्ट्रीटपासून चाळीपर्यंतचे ते जुने अंतर आणखी थोडे कमी होईल. दादोबा-आत्माराम या बंधूंचे आणि फादर ब्लॅटर यांचे स्मारक याहून वेगळे काय असावे?