‘द बूनडॉक सेंट्स’ : चित्रपटगृहांनी नाकारले, व्हिडिओ दुकानांनी तारले

चित्रपटाचे भवितव्य प्रदर्शनाच्या पहिल्या शुक्रवारी ठरते, असा हॉलीवूडमधील व्यवहाराचा जुना संकेत आहे. ‘द बूनडॉक सेंट्स’ या चित्रपटाने तो खोटा ठरविला. जानेवारी २००० मध्ये हा चित्रपट अमेरिकेत अवघ्या ५ चित्रपटगृहांत, तोही एकच आठवडा झळकला. तिकीटबारीवर जमा झाले ३० हजार ४७१ डॉलर. निर्मितीचा खर्च ६० ते ७० लाख डॉलरच्या घरात होता. बहुतेक समीक्षकांनी त्याला हिंसक, उथळ आणि टॅरंटिनोची नक्कल करणारा ठरवून निकालात काढले. तरीही पुढील काही वर्षांत या चित्रपटाभोवती निष्ठावान चाहत्यांचा असा मेळा जमला, की ‘कल्ट चित्रपट’ म्हणजे काय हे सांगताना आज त्याचे उदाहरण हमखास दिले जाते.

कथानक

बॉस्टन शहरातील आयरिश वस्तीत राहणारे कॉनर आणि मर्फी मॅकमॅनस हे जुळे भाऊ मांस कारखान्यात काम करतात. सेंट पॅट्रिक दिनाच्या रात्री मद्यगृहात रशियन गुंडांशी त्यांची मारामारी होते. दुसऱ्या दिवशी सूड घ्यायला आलेले गुंड भावांच्या हातून स्वसंरक्षणार्थ मारले जातात. पोलीस त्यांच्यावर आरोप ठेवीत नाहीत. मात्र त्या रात्री कोठडीत झोपलेल्या या धार्मिक वृत्तीच्या भावांना दुष्टांचा संहार करण्याचा ईश्वरी आदेश झाल्याचा साक्षात्कार होतो आणि गुन्हेगारांच्या हत्यांचे सत्र सुरू होते. इटालियन माफियासाठी हरकाम्या म्हणून राबणारा त्यांचा मित्र रोको त्यांना येऊन मिळतो.

शॉन पॅट्रिक फ्लॅनरी आणि नॉर्मन रीडस यांनी हे भाऊ साकारले आहेत. चित्रपट खरा तोलून धरला आहे तो एफबीआयचा अधिकारी पॉल स्मेकर झालेल्या विलेम डफो यांनी. दिग्दर्शक हत्या घडताना आधी दाखवीत नाही. स्मेकर घटनास्थळी येतो, कानाला संगीत लावून खुणा वाचतो, तर्क मांडतो. आणि मग प्रत्यक्ष काय घडले ते पडद्यावर उलगडते. एका प्रसंगात तर तो गोळीबाराच्या मधोमध उभा राहून वाद्यवृंद संचालकाप्रमाणे हातवारे करतो. स्कॉटिश विनोदवीर बिली कॉनोली यांनी रंगविलेला वृद्ध मारेकरी ‘इल दुचे’ ही चित्रपटाची आणखी एक जमेची बाजू.

निर्मितीची कुळकथा

पटकथाकार-दिग्दर्शक ट्रॉय डफी हा लॉस एंजेलिसमधील एका मद्यगृहात नोकरीला होता. समोरच्या खोलीत राहणाऱ्या अमली पदार्थ विक्रेत्याच्या घरातून एका स्त्रीचा मृतदेह बाहेर नेताना त्याने पाहिला आणि त्या संतापातून ही पटकथा लिहिली, असे त्याने सांगितले आहे. १९९७ मध्ये मिरामॅक्स कंपनीचे तत्कालीन प्रमुख हार्वे वाइनस्टीन यांनी ती काही लाख डॉलरना विकत घेतली. दिग्दर्शन डफीकडे, संगीत त्याच्याच बँडकडे, शिवाय तो काम करीत असलेले मद्यगृहही खरेदी करून देण्याची तयारी, असा तो करार वृत्तपत्रांत गाजला.

काही महिन्यांतच मिरामॅक्सने अंग काढून घेतले. अखेर फ्रँचायझी पिक्चर्स या कंपनीने निम्म्याहून कमी खर्चात चित्रपट उभा केला. कथा बॉस्टनची असली तरी बहुतांश चित्रीकरण कॅनडातील टोरांटोत झाले. या साऱ्या प्रवासाचे चित्रण करण्यासाठी डफीने आपल्याच दोन सहकाऱ्यांना सांगितले होते. त्यांनी केलेला ‘ओव्हरनाइट’ (२००३) हा माहितीपट मात्र डफीच्या अहंकाराचा आणि तुटलेल्या मैत्रीचा दस्तऐवज ठरला.

अपयश आणि पुनर्जन्म

चित्रपट तयार झाला आणि २० एप्रिल १९९९ रोजी कोलोरॅडो राज्यातील कोलंबाइन शाळेत दोन विद्यार्थ्यांनी केलेल्या गोळीबारात १३ जणांचा बळी गेला. लांब काळे कोट घालून पिस्तुले चालविणाऱ्या दोन तरुणांचा चित्रपट त्यानंतर मोठ्या प्रमाणावर लावण्यास वितरक धजावले नाहीत, असे डफीचे म्हणणे आहे.

त्याला हात दिला तो ब्लॉकबस्टर या व्हिडिओ दुकानांच्या साखळीने. कॅसेट आणि डीव्हीडी भाड्याने देणाऱ्या या दुकानांच्या फळीवर चित्रपट आला आणि महाविद्यालयीन तरुणांनी तो उचलला. एकाने पाहावा, मित्राला द्यावा, वसतिगृहाच्या खोलीत दहा जणांनी मिळून पुन्हा पाहावा, अशी त्याची कीर्ती कानोकानी पसरली. घरगुती विक्रीचा आकडा ५ कोटी डॉलरच्या आसपास गेल्याचे सांगितले जाते. करारानुसार डफीला त्यात वाटा नव्हता. न्यायासाठी बंदूक उचलणाऱ्या नायकांच्या या निर्मात्याला स्वतःच्या हक्कासाठी न्यायालयाचीच पायरी चढावी लागली. त्यानंतरच, २००९ मध्ये, ‘ऑल सेंट्स डे’ हा दुसरा भाग आला. २०१० पासून ‘द वॉकिंग डेड’ या मालिकेमुळे रीडस घराघरांत पोहोचला आणि जुन्या चित्रपटाला नवा प्रेक्षक मिळाला.

आकर्षण कशाचे?

भावांच्या हातांवर ‘सत्य’ आणि ‘न्याय’ या अर्थाचे लॅटिन शब्द गोंदलेले आहेत. असंख्य चाहत्यांनी ते आपल्या हातांवर गोंदवून घेतले. नायकांची प्रार्थना त्यांना मुखोद्गत आहे. चित्रपटातील खट्याळ विनोद हेही त्याचे एक कारण. कामगिरीवर निघताना कॉनर दोर घेण्याचा हट्ट धरतो, कारण चित्रपटांत चार्ल्स ब्रॉन्सनकडे दोर असतो! ‘डेथ विश’ (१९७४) या चित्रपटात सूडाने पेटलेला नागरिक उभा करणारा तोच हा ब्रॉन्सन. आपले नायक चित्रपट पाहूनच नायक झाले आहेत, याची कबुलीच यात मिळते.

खरे आकर्षण मात्र निःशंकतेचे आहे. प्रत्यक्षातील न्यायव्यवस्था पुरावे मागते, तारखा देते, कधी चुकते. मॅकमॅनस बंधू ज्याला मारतात तो दोषीच असतो, कारण पटकथेने ते आधीच ठरविलेले असते. कायदा हातात घेणाऱ्या प्रत्यक्षातील माणसाला ही सोय उपलब्ध नसते.

याचा पुरावा चित्रपटाच्या पहिल्याच प्रसंगात दडलेला आहे. चर्चमधील धर्मोपदेशक किटी जिनोव्हीज या तरुणीचा दाखला देतो. १३ मार्च १९६४ रोजी न्यूयॉर्कमध्ये तिची हत्या झाली, तेव्हा ३८ शेजारी नुसते पाहत राहिले, असे वृत्त ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने दिले होते. सज्जनांची उदासीनता हेच मोठे पाप, हा बोध घेऊन भाऊ चर्चबाहेर पडतात. पुढे मात्र ते वृत्त सदोष असल्याचे निष्पन्न झाले. संपूर्ण हल्ला पाहणारे कोणीच नव्हते, काहींनी ओरडून हल्लेखोराला हटकले होते आणि एक शेजारीण जखमी किटीजवळ धावून गेली होती. २०१६ मध्ये त्या वृत्तपत्रानेही या त्रुटी मान्य केल्या. ज्या कथेवर भावांचा संताप उभा आहे, तीच अर्धवट खरी होती.

चित्रपटाच्या शेवटी भर न्यायालयात माफिया प्रमुखाला ठार केले जाते. त्यानंतर श्रेयनामावलीबरोबर रस्त्यावरील सामान्य नागरिकांच्या मुलाखती दिसतात. कोणी या ‘संतां’चे गुणगान करते, कोणी त्यांना खुनी म्हणते, तर कोणी मत देण्याचेच टाळते. टीकाकारांनी एकसुरी ठरविलेल्या या चित्रपटातील हा प्रामाणिक क्षण आहे. हातांवर ती अक्षरे गोंदविणाऱ्यांनी तो श्रेयनामावली संपेपर्यंत बसून पाहायला हवा.