टेस्टोस्टेरॉन : प्रौढांतील सामान्य पातळी

स्टेरॉइड वर्गातील प्रमुख पुरुष-संप्रेरक. स्त्रियांतही अल्प प्रमाणात असते. पुरुषांत ते मुख्यत्वे वृषणांतील लायडिग पेशींत तयार होते. स्त्रियांत सुमारे पाव हिस्सा अंडाशयांतून व तेवढाच अधिवृक्क ग्रंथींतून येतो; उरलेले मेद, त्वचा इ. ऊतकांत इतर संप्रेरकांपासून बनते.

इतिहास : १९३५ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे अर्न्स्ट लाकर यांच्या गटाने ते वळूच्या वृषणांतून शुद्ध रूपात वेगळे केले. त्याच वर्षी संश्लेषणही झाले.

मापन : रक्तातील बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना बांधलेले असते, मुक्त अंश २–३ टक्केच. पातळी सकाळी सर्वाधिक असते, म्हणून नमुना साधारणतः ७ ते १० च्या दरम्यान, उपाशीपोटी घेतात. हा चढउतार झोपेशी निगडित असल्याने रात्रपाळी करणाऱ्यांत घड्याळी वेळ फसवी ठरू शकते. एकदा कमी आढळल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासणी आवश्यक. २०१७ मध्ये युरोप-अमेरिकेतील माहितीवरून १९ ते ३९ वयाच्या, स्थूल नसलेल्या पुरुषांसाठी २६४–९१६ नॅनोग्रॅम/डेसिलिटर ही मर्यादा मांडली गेली. अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञांची संघटना ३०० खालील पातळी कमी मानते. स्त्रियांत साधारणतः १५–७० धरतात, मात्र प्रयोगशाळेगणिक आकडे बदलतात. इतक्या अल्प पातळीला नेहमीच्या प्रतिरक्षा-चाचण्या अविश्वसनीय ठरतात. वस्तुमान-वर्णपटमापन पद्धत अधिक अचूक. १ नॅनोमोल/लिटर म्हणजे सुमारे २८.८ नॅनोग्रॅम/डेसिलिटर.

वय व आजार : पुरुषांत मध्यम वयापासून दरवर्षी सुमारे एक टक्का घट. स्थूलता व मधुमेहातही पातळी घटते. स्त्रियांत पातळी वाढण्याचे नेहमीचे कारण पीसीओएस (बहुपुटी अंडाशय विकार).

गर्भाशय काढल्यानंतरची पातळी, बीड जिल्ह्याचे उदाहरण : आष्टीसह जिल्ह्यातील दुष्काळी तालुक्यांतून दरवर्षी ऊसतोडीसाठी मोठे स्थलांतर होते. मुकादमाकडून (मजूर पुरवणाऱ्या ठेकेदाराकडून) उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेल्या जोडप्याला ‘कोयता’ म्हणतात. कामाला खाडा पडल्यास, मग तो पाळीमुळे का असेना, दंड कापला जातो. ऊसतोड करणाऱ्या महिलांत ‘पिशवी’ काढण्याचे, म्हणजे गर्भाशय-उच्छेदनाचे, प्रमाण मोठे असल्याचे २०१९ मध्ये समोर आले. या प्रश्नासाठी नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले. त्यांपैकी किती आवश्यक होत्या, याविषयी मतभेद आहेत. संप्रेरकांच्या दृष्टीने कळीचा प्रश्न अंडाशयांचा : गर्भाशय टेस्टोस्टेरॉन तयार करत नाही, पण दोन्ही अंडाशयेही काढल्यास पातळी सुमारे निम्म्याने उतरते. रजोनिवृत्तीत इस्ट्रोजेन झपाट्याने घटले, तरी अंडाशये टेस्टोस्टेरॉन तयार करतच राहतात. त्यामुळे अशा स्त्रीचा अहवाल वाचताना शस्त्रक्रियेची कागदपत्रे पाहणे गरजेचे. ‘पिशवी काढली’ एवढ्या माहितीवरून अंडाशये राखली की नाही हे कळत नाही.

उपचार : कमतरतेची लक्षणे आणि वारंवार कमी आलेली पातळी, दोन्ही असल्यासच पुरुषांत टेस्टोस्टेरॉन देण्याचा विचार करतात. स्त्रियांत क्वचित.