बांधावरची भाजी कुठं गेली?

परवा बांधावरचा शेवगा छाटताना विचार आला, आपल्या पलूस भागात घरच्या बारमाही पालेभाज्या अशा कमी का झाल्या?

जुनी पद्धत बघायची तर शेजारच्या मिरज तालुक्यातले नरवाड, बेडगचे पानमळे बघा. पानवेलीला आधार आणि सावली लागते. त्यासाठी शेवरी, हादगा, शेवगा, पांगारा लावत आणि वेल लव्हाळ्यानं बांधत. पीक पानाचं, पण हादग्याची फुलं आणि शेवग्याचा पाला घरात भाजीला यायचा. भाजीला वेगळं रान लागत नव्हतं.

आपल्याकडं हेच काम पाटानं केलं. मोटेचं पाणी थारोळ्यात पडायचं, तिथनं पाटानं रानात. पाटाच्या कडेला कायम ओल, म्हणून तिथं अळू. एकदा कंद लावला की वर्षानुवर्षं पानं. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, पुढं तिथं पंप बनू लागले. मोट गेली, इंजिन आलं, मोटर आली. तरी पाट होता, म्हणून अळू होतं. ठिबक आलं आणि पाट मोडला. ट्रॅक्टरला रान मोकळं करताना बांध कोरले, शेवगा गेला. ठिबकनं पाणी वाचलं, ते चांगलंच झालं. पण भाजी ज्याच्या कडेनं जगत होती, ते आधी गेलं आणि मागोमाग भाजी गेली.

परत आणायला अवघड नाही. पावसाच्या तोंडावर मनगटाएवढी जाड, तीन-चार फुटांची शेवग्याची फांदी लावा. जागा उंचवट्याची बघा, काळ्या रानात पाणी साचलं की मूळ कुजतं. शेंगा संपल्या की कमरेएवढ्या उंचीवर छाटा, कोवळा पाला हाताला येतो. अळू न्हाणीच्या पाण्यावर येतं, फक्त साबणाचं पाणी थेट सोडू नका. द्राक्षबागेच्या बांधावरचा पाला मात्र खाऊ नका, फवारा उडून त्यावर बसतो.

शेवग्याचा पाला भिजवलेली मूगडाळ, लसूण, मिरची घालून परता. हादग्याच्या फुलातला कडू दांडा काढून टाका. अळू चांगलं शिजवा, चिंच किंवा आंबट चुका घाला, नाहीतर घसा खवखवतो. सोबत गरम भाकरी.

तुमच्या बांधावर यातलं काय शिल्लक आहे? असेल तर एक फांदी शेजाऱ्यालाही द्या.