हायड्रोक्विनोनचं कूळ

बालाघाट म्हटलं की मँगनीज. शहराजवळच्या भरवेलीच्या खाणीतलं बहुतेक खनिज पोलादाच्या भट्ट्यांकडे जातं. पण कृष्णधवल फिल्म घरच्या डेव्हलपरमध्ये धुणाऱ्यालाही मँगनीजचं ऋण मानायला हवं.

१८३८ साली वॉस्क्रेसेन्स्की या रशियन रसायनज्ञानं क्विनिक आम्ल मँगनीज डायऑक्साइड आणि गंधकाम्लासोबत तापवलं, तेव्हा क्विनोनचे पिवळे स्फटिक हाती आले. हे आम्ल सिंकोनाच्या सालीतलं. हिवतापावरचं क्विनीनही तिथलंच. क्विनोनचं क्षपण केलं की डेव्हलपरमधलं हायड्रोक्विनोन. पुढे कारखान्यांनी साल सोडून ॲनिलीन धरलं, तरी मँगनीज डायऑक्साइड सुटलं नाही. १८८० मध्ये विल्यम ॲबनींनी हायड्रोक्विनोननं फोटो उमटवून दाखवला, १८९१ मध्ये मेटॉल हे फोटो उमटवणारं दुसरं रसायन आलं आणि १९२७ मध्ये या दोघांची सांगड घालून कोडॅकनं डी-७६ हा डेव्हलपर केला.

त्याआधी आणि त्यानंतरही कितीतरी वर्षं डेव्हलपर हातानंच कालवला जाई. ‘राजा हरिश्चंद्र’च्या वेळी, १९१२-१३ मध्ये, दादासाहेब फाळक्यांच्या घरी रसायनं कालवण्यात आणि फिल्म धुण्यात त्यांच्या पत्नी सरस्वतीबाईंचा हात होता. भारतीय सिनेमाच्या इतिहासात हे काम ठळकपणे नोंदलं जायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

डी-७६ आजही घरी करता येतो. ७५० मिली पाणी ५० अंशांच्या आसपास तापवायचं. त्यात आधी चिमूटभर सोडियम सल्फाइट, मग २ ग्रॅम मेटॉल. हा क्रम मोडायचा नाही: सगळं सल्फाइट आधी पडलं तर मेटॉल विरघळायला तयारच होत नाही, आणि चिमूटही नसली तर ते हवेनं खराब होऊ लागतं. मेटॉल पुरतं विरघळलं की उरलेलं सल्फाइट, एकूण १०० ग्रॅम. मग ५ ग्रॅम हायड्रोक्विनोन, २ ग्रॅम टाकणखार आणि गार पाणी घालून एक लिटर.

टाकणखाराच्या सौम्य अल्कलीत हायड्रोक्विनोन एकटं जवळजवळ निष्क्रिय असतं. फिल्मवरची चांदी मेटॉल मोकळी करतं आणि त्यात खर्ची पडतं. हायड्रोक्विनोन त्याला पुन्हा कामाला उभं करतं. म्हणून एवढ्याशा मेटॉलवर भागतं.

बालाघाटच्या मे महिन्यात मात्र नळाचं पाणीच तापलेलं असतं. अशा वेळी फिल्म धुण्याची टाकी बर्फाच्या पाण्यात ठेवून डेव्हलपर २० अंशांवर आणायचा. द्रावण तपकिरी झालं असेल तर त्यात फिल्म घालू नये, नवं कालवावं.